मुतग्यातली वरात आणि सांबऱ्याचं विमान

प्रश्न : काका, ताईचं लग्न मुतग्यात घरासमोरच आहे. माझा ड्रोन 249 ग्रॅमचा. 250 च्या आत परवानगी लागत नाही, असं मित्र म्हणतो. शेत आमचंच, पंचायतीलाही सांगून ठेवलंय. वरातीचं शूटिंग करू ना?

उत्तर : नको रे बाबा. 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, विमाही सक्तीचा नाही. इथवर मित्र बरोबर. (पात्यांना गार्ड लावलास की वजन 250 च्या वर जाईल, तेवढं बघ.) पण कुठे उडवायचा, त्यात वजनाची सूट कामाची नाही. बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंत विनापरवानगी चालतं, त्यापलीकडे सरकारच्या ड्रोन-नकाशावरच्या हिरव्या भागात 400 फुटांपर्यंत. मुतगे 8 च्या कितीतरी आत, शेजारी एअरफोर्सचं स्टेशन. तिथे जमिनीपासूनच परवानगी हवी: नकाशावर पिवळं असेल तर एटीसीची (विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्या नियंत्रण कक्षाची), लाल असेल तर थेट केंद्र सरकारची. पंचायत यात काय करणार?

विमान उतरताना साधारण 3 अंशांच्या उताराने येतं. टेकायच्या जागेपासून 2 किलोमीटरवर त्याची उंची जेमतेम 105 मीटर, म्हणजे 345 फूट. '400 च्या आत आहे' म्हणून तू निर्धास्त राहशील आणि तुझा ड्रोन विमानाच्याही वर असेल! एवढीशी वस्तू वैमानिकाला दिसतही नाही. म्हणून माणसं असलेल्या विमानाला वाट द्यायची जबाबदारी कायम ड्रोनवाल्याची. मी उसावर फवारणी करतो तेव्हा बांधावर एक पोरगा नुसता आभाळाकडे बघायला उभा करतो. घरघर ऐकू आली की तो ओरडतो, आणि टाकीत औषध किती उरलंय ते न बघता मी ड्रोन खाली घेतो.

वरात गच्चीवरून घे. वरून नुसते फेटेच दिसतात, नवरीचं तोंड कुठे दिसतं?

प्रश्न : मी कर्नाटकातल्या खानापूरचा, मेहुणे महाराष्ट्रातल्या चंदगडचे. ते ड्रोन बिनधास्त उडवतात. तिकडे नियम सैल आहेत का?

उत्तर : नाहीत हो. ड्रोन नियम, 2021 केंद्राचे आहेत, सीमेच्या दोन्ही बाजूंना तेच. मात्र एखादा भाग तात्पुरता लाल करायचा अधिकार स्थानिक पोलिसांनाही आहे, तोही एका वेळी 96 तासांपर्यंत. हलग्याच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं असेल तेव्हा कालचा नकाशा बघून निघू नका, त्या दिवशी सकाळी पुन्हा उघडा. मेहुणे पैसे घेऊन शूटिंग करत असतील तर 250 ग्रॅमच्या वरच्या ड्रोनला सर्टिफिकेट हवंच. 2 किलोपर्यंतची सूट हौसेपुरती आहे. दंड 1 लाखापर्यंत होऊ शकतो, हा आकडा त्यांना आधी सांगा.