भाड्याच्या खोलीत चकचकीत टाईल नको

बाबू,

टाईलचा फोटो पाह्यला. दुकानवाला ती पांढरी चकचकीत गळ्यात मारून राह्यला तुझ्या. स्वतः राहायला घर असतं तर मी बोललो नसतो, पण भाड्याच्या खोल्यांत नको टाकू ती.

आधी सांग, जोत्यात भर कशाची टाकली? आपली काळी माती पावसात फुगते अन उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मी पहिल्या खोल्या बांधल्या तेव्हा मुरमाच्या ट्रॉल्या वाचवल्या, पायव्यातून निघालेलीच माती भरली. दोन पावसाळ्यात मधल्या टाईली पोकळ वाजायला लागल्या, अन एक दिवस भाडेकरूच्या लहान पोरीच्या पायाखाली एक फुटली, टाच कापली तिची. ते रक्त अजून डोळ्यासमोर येते बाप्पा. तर पैसे वाचवायचे तर टाईलीत वाचव, मुरूम भरजो, पाणी मारून थराथरानं धुम्मस करजो, म्हणजे ठोकून दाबजो, वरून कोबा, म्हणजे काँक्रीटचा थर. मिस्त्री टाईलच्या चार कोपऱ्यात मालाचे, म्हणजे सिमेंट-रेतीचे, गोळे ठेवून दाबते का ते पाहा, माल पूर्ण टाईलखाली पाहिजे.

आता राहणार कोण? बदलीवर आलेले मास्तर, बँकवाले, कॉलेजचे पोट्टे. सिलिंडर फरफटत नेतात, कूलरचा लोखंडी स्टँड उन्हाळाभर एकाच जागी, खाली गळते पाणी, गंजाचा डाग पक्का. म्हणून 2 बाय 2 फुटाची मॅट, म्हणजे बिनचमकीची, विट्रीफाईड (काचेसारखी घट्ट भाजलेली) टाईल घे, करडी नाहीतर बदामी. ती अर्ध्या टक्क्याच्या वर पाणी पीत नाही, हळद-तेल पुसलं की जाते. शहाबादी फरशी स्वस्त अन दणकट, खरं आहे, पण तू खारपाणपट्ट्यात बांधून राह्यला, बोअरचं पाणी खारं, दगडावर पांढरं मीठ फुटते. पायऱ्यांना कोटा फरशी चालते.

संडास-बाथरूमला 1 बाय 1 ची खरबरीत अँटीस्किडच, तिथं काटकसर नाही, म्हातारी माणसं येतात राहायला. मिस्त्री जायच्या आधी एक बादली पाणी ओतजो, सगळं जाळीकडं गेलं तरच मजुरी दे.

10 बाय 12 च्या खोलीला स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी), तूटफूट धरून 10 बॉक्स लागतात, बॉक्समधे चार नग, साडेपंधरा चौरस फूट. सगळ्या खोल्या मिळून दोन बॉक्स जास्तीचे आत्ताच घे, पुढच्या बॅचचा शेड जुळत नाही, अन ते बॉक्स माळ्यावर उभे ठेवजो, आडवे नाही.