गांडुळाला औषध कोणतं टाकू?

जिंतूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं फोनवर विचारलं, "साहेब, गांडूळखताच्या बेडमधली गांडुळं सगळी वर येऊन काठाला गोळा झालीत. हात लावला की पिवळं पाणी सोडतात, वास येतो. काहींच्या शेपट्या गळल्यात. रोग आलाय, औषध सांगा." सेलूकडूनही असाच प्रश्न आला, म्हणून उत्तर सगळ्यांसाठीच देतो.

औषध कोणतंही टाकू नका. बुरशीनाशक तर अजिबात नको. कार्बेन्डाझिम आपण बीजप्रक्रियेला सर्रास वापरतो, पण गांडुळाला ते फार विषारी आहे. रोगानं न मेलेली गांडुळं औषधानं हमखास मरतील.

आता ते पिवळं पाणी. गांडुळाच्या पाठीवर बारीक छिद्रं असतात. डिवचलं की शरीराच्या पोकळीतला द्रव तिथून बाहेर येतो. बेडमधल्या आयसेनिया फेटिडा जातीत तो पिवळा आणि वासाचा असतो. पिवळेपणा त्यातल्या पेशींमध्ये साठलेल्या रायबोफ्लेविनमुळे, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वामुळे. याच द्रवात गांडुळाची सगळी फौज असते. लायसेनिनसारखी प्रथिनं परक्या पेशींच्या पडद्याला भोकं पाडतात, तर काही पेशी जिवाणूला थेट गिळतात. आपल्यासारखी प्रतिपिंडं गांडुळाला नसतात. तरी मातीतल्या अब्जावधी जंतूंत ते जन्मभर तोंड घालून जगतं, ते या फौजेच्या जोरावर.

गिळता न येण्याइतका मोठा परजीवी आत शिरला, तर या पेशी त्याला चारी बाजूंनी वेढून गुंडाळून टाकतात. त्याची तपकिरी गाठ होते आणि ती हळूहळू मागच्या टोकाकडे सरकते. तिथं अशा गाठी फार साठल्या की गांडूळ तो तुकडाच टाकून देतं. गांडुळाचा उकिरडा शेपटीत असतो म्हणा ना! पुढचा भाग शाबूत असेल तर शेपूट पुन्हा येते. (तोडलेल्या दोन्ही तुकड्यांची दोन गांडुळं होतात हे मात्र खरं नाही, एवढं पोरांना सांगा.) म्हणजे चार-दोन शेपट्या गळल्या तर घाबरायचं कारण नाही. अंगावर मण्यांच्या माळेसारख्या फुगवट्या दिसल्या तर ताजं शेण, पेंड किंवा खरकटं जास्त झालंय असं समजा.

पण सगळीच गांडुळं एकदम बेड सोडू लागली, तर खाद्यात काहीतरी आहे. जिंतूरच्या शेतकऱ्याला मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा निघालं की गोचिडासाठी गोठ्यात फवारणी झाली होती आणि दोन-तीन दिवसांतलंच शेण बेडवर पडलं होतं. जंतूंशी लढणारी आणि विषाशी झुंजणारी फौज एकच. ती विषात गुंतली की एरवी सहज पचणारा जिवाणूही भारी पडतो. आपण मेलेलं गांडूळ बघून रोगाला नाव ठेवतो.

खाद्याची शंका असेल तर घरीच तपासा. जुनी टोपली किंवा टब घ्या, मधोमध पुठ्ठा उभा करा. एका बाजूला शंकेचं शेण, दुसऱ्या बाजूला चांगलं जुनं, दोन्हीचा ओलावा सारखा. पुठ्ठा काढा, मधल्या फटीत 10 गांडुळं सोडा आणि वर गोणपाट टाका. 48 तासांनी पुन्हा पुठ्ठा घालून मोजा. आठ किंवा जास्त गांडुळं जुन्याकडे गेली असतील, तर ते शेण बेडला वापरू नका. एकाच टबावर विसंबू नका, तीन-चार टब करा. प्रयोगशाळेतही माती जोखायला हीच रीत वापरतात.

बेड वाचवायचा तर वरचा थर काढून बाजूला न्या, खाली कुजलेलं शेणखत आणि भिजवलेली सोयाबीनची गुळी (भुसा) द्या, सावली करा. नवं शेण पंधरा-वीस दिवस थंड होऊ दिल्याशिवाय टाकायचं नाही.

जालन्याच्या एका मोसंबीवाल्या बागायतदाराचा प्रश्न वेगळा आहे: डिंक्यासाठी (खोडातून डिंक गळण्याचा रोग) वर्षानुवर्षं बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण वापरलं, आता झाडाच्या आळ्यात गांडूळ दिसत नाही. मोरचुदात तांबं असतं. तांबं मातीतून उडून जात नाही, साठत जातं. तांब्याचा मारा वाढला की फौजेतल्या पेशींच्या आतल्या पचनपिशव्यांची पापुद्री गळकी होते आणि पेशी कामातून जातात. खोडाला पेस्ट जरूर लावा, पण उरलेलं मिश्रण आळ्यात ओतायची सवय सोडा. आळ्यात शेणखत आणि पाचट वाढवलं की मोकळं तांबं काही प्रमाणात बांधलं जातं.

शहराच्या सांडपाण्यावर भाजी घेणाऱ्या एकानं विचारलं, गांडुळं सोडली तर जमीन शुद्ध होईल का? नाही. कॅडमियमसारखा धातू गांडूळ अंगातल्या एका खास प्रथिनाला बांधून ठेवतं, म्हणून ते स्वतः तग धरतं. धातू नाहीसा होत नाही. गांडूळ मेलं की मातीत परत, कोंबडीनं टिपलं तर कोंबडीत. अशा जमिनीतली गांडुळं किंवा त्यांचं खत दुसऱ्या शेतात नेऊ नका. आधी पाणी तपासून घ्या.

आणि बेडमधली गांडुळं आणून काळ्या रानात सोडू नका. ती पालापाचोळ्यात राहणारी जात आहे, कोरड्या भेगाळ जमिनीत टिकत नाही. आपली रानातली गांडुळं वैशाखात खोल जाऊन गाठ मारून पडतात आणि पाऊस झाला की वर येतात. त्यांच्यासाठी बांधावरचा पाला जाळू नका, एवढं केलं तरी पुरे.