कण्हेरच्या पाण्यावर पहिली कयाक : कर्ज काढून की साठवून?

प्रश्न : साताऱ्यात शाहूपुरीत राहणारे एक वाचक लिहितात, "माझे वय 36. एमआयडीसीतील खासगी कंपनीत नोकरी असून हातात 62,000 रुपये पगार येतो. घरखर्च 27,000, गृहकर्जाचा हप्ता 17,500, मुदत विमा आणि आरोग्य विमा मिळून महिन्याला सरासरी 3,000 आणि एसआयपी (म्युच्युअल फंडातील दरमहाची गुंतवणूक) 5,000 रुपये. बचत खात्यात 1,10,000 रुपये आहेत. लहानपणापासून गळ टाकून मासे धरण्याची आवड आहे. आता कण्हेर धरणाच्या फुगवट्यात निवांत फिरण्यासाठी आणि मासेमारीसाठी कयाक, म्हणजे एकट्याने चालवायची अरुंद छोटी नाव, घ्यावीशी वाटते. पायाने पेडल मारून चालवायची कयाक 1,50,000 रुपयांना मिळते. त्यासाठी 15 टक्के व्याजाने तीन वर्षांचे वैयक्तिक कर्ज मिळू शकते. साधी वल्ह्याची 11 फुटी कयाक 54,000, तशीच 9 फुटी 46,000 आणि हवा भरून वापरायची 22,000 रुपयांना आहे. माझे वजन 92 किलो आहे. मामांचे घर मेढ्याच्या बाजूला, फुगवट्याच्या काठच्या गावात आहे आणि सासुरवाडी भिलवडीला, त्यामुळे कृष्णेतही वापर होईल. पत्नीला हा खर्च अनाठायी वाटतो. एसआयपी वर्षभर थांबवून रोख घ्यावी, की कर्ज काढावे?"

उत्तर : छंदावर पैसे खर्च करणे हा माझ्या दृष्टीने अपव्यय नाही. आठवडाभर यंत्रांच्या आवाजात काम करणाऱ्या माणसाला रविवारची सकाळ पाण्यावर घालवावीशी वाटत असेल, तर कुटुंबाच्या अंदाजपत्रकात त्या इच्छेलाही हक्काची जागा असावी. मात्र आपल्या पत्नीच्या म्हणण्यातही तथ्य आहे आणि ते आकड्यांतच दिसते. घरखर्च, गृहकर्ज आणि विमा धरून आपल्याला महिन्याला 47,500 रुपये लागतातच. म्हणजे खात्यातील 1,10,000 रुपये हा जेमतेम सव्वादोन महिन्यांचा आधार झाला. एकट्याच्या पगारावर चालणाऱ्या घरात तो सहा महिन्यांचा असावा आणि निदान तीन महिन्यांचा झाल्याखेरीज कोणत्याही हौसेला हात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामुळे बचत खात्यातील या रकमेतून कयाकसाठी एक रुपयाही काढू नये.

सगळे खर्च वजा जाता आपल्याकडे दरमहा 9,500 रुपये उरतात. दीड लाखाच्या कर्जाचा हप्ता सुमारे 5,200 रुपये येईल आणि तीन वर्षांत एकूण 1,87,200 रुपये फेडावे लागतील, त्यांपैकी 37,200 रुपये निव्वळ व्याज. रकमेपेक्षाही मला खटकते ती गोष्ट ही, की शिलकीतील निम्म्याहून अधिक भाग पुढील तीन वर्षे अडकून पडेल आणि नेमक्या त्याच काळात आपला आकस्मिक निधी वाढायला हवा आहे. विक्रेता 'नो कॉस्ट ईएमआय', म्हणजे बिनव्याजी म्हणवले जाणारे हप्ते, देऊ करील. त्यातही प्रक्रिया शुल्क असते, व्याजाच्या भागावर जीएसटी लागतो आणि रोखीने घेतल्यास मिळू शकणारी सूट बहुधा हातची जाते. एसआयपी थांबवण्याचा पर्याय वरकरणी निरुपद्रवी वाटतो, पण वर्षभराचे 60,000 रुपये सरासरी 10 टक्के दराने वाढले असे धरले, तर वीस वर्षांनी त्यांचे सुमारे चार लाख होतात. तो दर कोणी हमीने देत नाही हे खरे. तरीही एकदा थांबलेली एसआयपी पुन्हा सुरू व्हायला वर्षाची दोन वर्षे कशी होतात, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

आता वापराचा हिशेब पाहू, कारण या निर्णयाचे मर्म तिथे आहे. जून ते सप्टेंबर जावळीतला पाऊस, वाढते पाणी आणि धरणातून होणारा विसर्ग पाहता नवख्याने पाण्यात उतरूच नये. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत महिन्याला दोन रविवार मिळाले, तर वर्षाला सोळा दिवस होतात. तीन वर्षांच्या 48 दिवसांवर विभागल्यास पेडलची कयाक कर्जासह दिवसाला 3,900 रुपयांना पडते, तर 54,000 रुपयांची साधी कयाक 1,125 रुपयांना. लग्नसराई, मुलांच्या परीक्षा, कंपनीतील ओव्हरटाइम यांमुळे वर्षाला सहाच दिवस साधले, तर हेच आकडे 10,400 आणि 3,000 होतात. पहिल्या कयाकच्या वेळी आपण किती दिवस जाणार हे आपले आपल्यालाही ठाऊक नसते, म्हणून कमी रक्कम गुंतेल अशी वस्तू घेणे शहाणपणाचे.

या सोळा दिवसांत मी भिलवडीचे दिवस धरलेले नाहीत आणि आपणही धरू नयेत. औदुंबर-भिलवडीच्या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत, हे तिथल्या आपल्या सासरच्या मंडळींना चांगले माहीत असेल. पाण्याला टेकून बसायचे आणि धरलेले मासे शेजारी पाण्यात लटकत ठेवायचे, हा प्रकार तिथे करण्यासारखा नाही. कासचा तलाव सातारा शहराच्या पिण्याच्या पाण्याचा, तोही हिशेबातून वगळावा. बामणोलीकडचा शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, मोहात पाडणारा आहे, परंतु त्याचा काही भाग कोयना अभयारण्यात आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो, तेव्हा वन विभागाची परवानगी हा तिथला पहिला प्रश्न ठरतो. राहता राहिले कण्हेर आणि फार तर परळीजवळचे उरमोडी. धरणांतील मासेमारीचे हक्क सर्वसाधारणपणे मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात आणि पाणी व भिंतीलगतचा परिसर जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतो. म्हणून पैसे भरण्यापूर्वी संस्था आणि विभाग या दोन्ही ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन, हौसेखातर कयाकमधून गळ टाकायला हरकत आहे का, याचे उत्तर मिळवावे आणि शक्य तर ते लेखी घ्यावे. उत्तर नकारार्थी आले, तर आपल्या 54,000 रुपयांचा निम्मा उपयोग तिथेच संपतो.

पेडलच्या कयाकला मी केवळ महाग म्हणून नकार देत नाही. दोन्ही हात मोकळे राहतात, वाऱ्यात एका जागी थांबता येते, गळाला लागलेला मासा ओढत असताना दिशा सांभाळता येते. मासेमारीसाठी हे फायदे मोठे आहेत. पण फुगवट्याच्या उथळ काठाला पाणवनस्पती असतात, पाण्याखाली जुन्या झाडांचे बुंधे असतात, मच्छीमारांची जाळी पसरलेली असतात आणि पेडलची यंत्रणा या तिन्हींत अडकते. शिवाय साहित्यासह अशा नावेचे वजन चाळीस किलोच्या पुढे जाते. उन्हाळ्यात पाणी मागे हटल्यावर चिखलातून ती एकट्याने ओढत नेणे भाग पडले, की पुढचा रविवार टाळावासा वाटू लागतो.

हवा भरायच्या कयाकचा विचार आपण केलात तो घरात ठेवायला जागा कमी लागते म्हणून, असे मी समजतो. शहरात राहणाऱ्यासाठी तो रास्तही आहे. परंतु ती पाण्यावर उंच तरंगते, दुपारच्या वाऱ्यात भरकटते आणि काठावरच्या बाभळीच्या काट्यांशी व आपल्याच गळांशी तिचे जमत नाही. मामांचे घर काठावर असताना ही तडजोड करण्याचे कारण उरत नाही. तिथल्या गोठ्याच्या सावलीत नाव ठेवता आली, तर गाडीवर कॅरिअर बसवण्याचा खर्च वाचतो आणि दर वेळी नाव चढवण्या-उतरवण्याचा कंटाळाही टळतो. आपल्या बाबतीत मामांचे घर हीच खरी जमेची बाजू आहे. ते नसते, तर मी आपल्याला वर्षभर थांबायला सांगितले असते.

राहिला प्रश्न 9 फुटी की 11 फुटी. विक्रेत्याकडून प्रत्येक नावेची भारक्षमता लेखी मागवावी. समजा लहान नावेची 120 आणि मोठीची 160 किलो असेल, तर आपले 92 आणि साहित्याचे 12 असे 104 किलो लहान नावेवर क्षमतेच्या 87 टक्के होतात, मोठीवर 65 टक्के. अनुभवी लोक कमाल क्षमतेच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास थांबतात, कारण त्यापुढे नाव खोल बसते, जड चालते आणि किंचित कललात तरी पाणी आत येते. येथे आठ हजार रुपये वाचवणे हे महागात पडणारे वाचवणे आहे. बसण्याची जागा वरून उघडी असलेला प्रकारच घ्यावा; त्यात शिरलेले पाणी तळाच्या छिद्रांतून आपोआप निघून जाते आणि उलटल्यास पाण्यातून पुन्हा वर चढता येते. रुंदी तीस इंचांपेक्षा कमी नसावी. जुनी नाव मिळाली, तर तळ आणि ती छिद्रे यांभोवती तडे आहेत का ते उन्हात नीट पाहावे, कारण या प्लॅस्टिकला साधा गोंद धरत नाही. दरपत्रकात जीएसटी, वाहतूक आणि वल्हे धरलेले आहे का, आणि माल घरपोच येणार की ट्रान्सपोर्टच्या गोदामातून आपल्याला उचलावा लागणार, हेही आधीच विचारावे.

नावेखेरीज 10,000 रुपये वेगळे ठेवावेत. त्यातली पहिली खरेदी अंगाला नीट बसणाऱ्या, वजनाप्रमाणे निवडलेल्या लाइफ जॅकेटची. उरलेल्यात वल्ह्याला बांधायची दोरी, शिट्टी, पाणी न शिरणारी पिशवी आणि पट्टे येतील. विहिरीत पोहायला शिकलेल्या आपल्याकडच्या माणसाला जॅकेट कमीपणाचे वाटते. परंतु कपडे-बुटांसह, गळाच्या दोरीत पाय गुंतलेला असताना, काठापासून दूर पोहणे ही निराळी गोष्ट आहे. ज्या घराचे गृहकर्ज एका माणसाच्या पगारावर चालते, त्या घरात जॅकेटचा खर्च मी विम्याच्या हप्त्याच्या रांगेतच बसवतो. आपल्याकडे वैयक्तिक अपघात विमा असल्यास त्यातील अपवादांचे कलमही वाचावे. साहसी जलक्रीडा पुष्कळदा वगळलेली असते.

तेव्हा माझा सल्ला असा की, या फेब्रुवारीपासून उरणाऱ्या 9,500 रुपयांपैकी 5,000 रुपयांची आवर्ती ठेव कयाकसाठी सुरू करावी आणि 4,500 आकस्मिक निधीत टाकावेत. सप्टेंबरअखेर आठ हप्त्यांचे 40,000 होतील आणि निधी 1,46,000 वर, म्हणजे तीन महिन्यांच्या खर्चाच्या किंचित पुढे जाईल. 54,000 आणि 10,000 मिळून लागणाऱ्या 64,000 पैकी उरलेले 24,000 रुपये दिवाळीच्या बोनसमधून यावेत. बोनस कमी आला, तर खरेदी डिसेंबरपर्यंत लांबवावी, कर्जाने भरून काढू नये. मधल्या काळात एखाद्या सुटीत पवना धरणाच्या काठी किंवा मालवण-तारकर्लीकडे तासाच्या दराने कयाक घेऊन सलग तीन तास बसून पाहावे. पाठ आणि गुडघे काय सांगतात ते तिथेच कळेल. त्या वेळी पत्नीलाही सोबत न्यावे, आणि आवर्ती ठेव दोघांच्या नावे उघडावी.