बफिंगच्या शेडमधील ॲल्युमिनियमची पावडर

आपण विचारले आहे की, बफिंगच्या (फिरत्या चाकावर धातूला चकाकी देण्याच्या) शेडमध्ये साचलेली ॲल्युमिनियमची पावडर दर शनिवारी एअर गनने (दाबाच्या हवेच्या झोताने) उडवून साफ केली जाते आणि आगीसाठी पाण्याच्या बादल्या भरून ठेवल्या आहेत, तर एवढे पुरेसे आहे का. या कामात मी बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून स्पष्टच लिहितो: या दोन्ही गोष्टी आजच बंद कराव्यात.

जमिनीवर पडलेली पावडर सहसा नुसती धुमसते, पण तीच हवेत उडाली की प्रत्येक कणाला चहूबाजूंनी ऑक्सिजन मिळतो आणि एका ठिणगीने सगळा ढग एकदम पेटतो. त्या पहिल्या दणक्याने तुळयांवर व पत्र्याच्या पन्हाळींवर साचलेली धूळ खाली येते आणि दुसरा स्फोट बहुधा पहिल्यापेक्षा मोठा होतो. २ ऑगस्ट २०१४ रोजी चीनमधील कुनशान येथे मोटारीच्या चाकांना पॉलिश करणाऱ्या कारखान्यात असाच स्फोट झाला. मृतांची संख्या अखेरीस १४६ वर गेली. धूळ गोळा करणारे पिंप गंजून फुटले होते, आतली पावडर ओलसर होऊन तापली आणि तिथूनच सुरुवात झाली, असे चौकशीत आढळले.

ओलावा इतका घातक का, तर ॲल्युमिनियमची पाण्याशी क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो आणि उष्णताही निर्माण होते. एका पावसाळ्यात आमच्याकडे पत्र्यातून गळणारे पाणी पावडरच्या ड्रममध्ये गेले होते. सकाळी पाहतो तर झाकण फुगलेले, आणि ड्रमला हाताची उलटी बाजू लावली तर तो चांगलाच गरम. (तेव्हा हात लावला, ही माझी चूकच होती.) सुदैवाने ड्रम शेडबाहेर असायचा, त्यामुळे जवळची वीज बंद करून माणसांना दूर ठेवण्यावर भागले.

साफसफाई मऊ ब्रशने आणि ठिणगी न पाडणाऱ्या सुपडीने, धूळ न उडवता, रोजच्या रोज करावी. साधा व्हॅक्युम क्लीनर वापरू नये, कारण धूळ त्याच्या मोटरपर्यंत पोहोचते. यंत्रे, डक्ट (धूळ ओढून नेणारे पाइप) आणि डस्ट कलेक्टर (ती धूळ गोळा करणारे यंत्र) यांचे अर्थिंग नियमित तपासून घ्यावे. ज्या ग्राइंडरवर लोखंड घासले जाते, त्यावर ॲल्युमिनियम कधीही घेऊ नये. गंज आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रणातून अतिशय तप्त ठिणग्या उडतात.

आगीसाठी ‘ड’ वर्गाचे, म्हणजे धातूंच्या आगीचे अग्निशामक किंवा पूर्ण कोरडी वाळू ठेवावी. आपल्याकडे लाल बादल्यांतली वाळू जूनपासून दमट होते, म्हणून ती झाकणबंद डब्यात असावी. लहानशी आग असेल तरच लांब दांड्याच्या फावड्याने वाळू हळुवारपणे पसरावी. फेकल्यास धूळ उठते. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचा झोतही तेच करतो. आग मोठी असल्यास सरळ बाहेर पडावे, आणि अग्निशमन दलाला फोन करताना ‘ॲल्युमिनियमची पावडर आहे, पाणी मारू नका’ हे पत्त्याच्याही आधी सांगावे.