व्हेल्वेट अँटची जात फोटोवरून ओळखता येते का, आणि नकाशा कसा करायचा?

तुम्ही विचारलंय की फोटोंवरून व्हेल्वेट अँटच्या जाती ओळखून त्या कुठे कुठे सापडतात याचा नकाशा करता येईल का. येतो, पण रंगावर विसंबू नका. मी सुरुवातीला तेच करायचे आणि माझ्या नकाशावरचे बरेच ठिपके नंतर पुसावे लागले.

ही मुंगी नाहीच, म्युटिलिडी कुळातली गांधीलमाशी आहे, आणि जगभरात हिच्या ४००० च्या वर जाती नोंदल्या गेल्यात. मुंगीची मिशी कोपरातून वाकवल्यासारखी दिसते, हिची तशी दिसत नाही, शिवाय अंगभर दाट केस. इथपर्यंत सोपं.

अवघड पुढे आहे, कारण पंख नसतात ते सहसा फक्त मादीला, नर बहुधा उडतो आणि बऱ्याच जातींत तो इतका वेगळा दिसतो की पूर्वी नराला एक नाव आणि मादीला दुसरं नाव दिलं गेलं, आणि आजही कितीतरी जातींचा फक्त नर किंवा फक्त मादीच माहीत आहे. जोडी जुळवायची तर मीलनाच्या वेळी दोघं एकत्र सापडायला हवेत, नाहीतर मीलन न झालेली मादी जाळीच्या डबीत ठेवायची आणि तिच्या वासावर येणारे नर गोळा करायचे, किंवा मग डीएनए बारकोड, म्हणजे डीएनएचा एक छोटा ठरावीक तुकडा जुळवून बघायचा.

रंगाचं म्हणाल तर २०१५ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या ३५१ जाती तपासल्या गेल्या आणि त्यांचे रंगरूपाचे गट निघाले फक्त ८! मादीचा डंख जबरदस्त असतो, म्हणून एका भागातल्या, नात्याने लांबच्या जातीसुद्धा एकाच रूपात फिरतात, म्हणजे पक्ष्याला किंवा सरड्याला एकीने धडा शिकवला की बाकीच्याही वाचतात. उलट एकच जात दोन प्रदेशांत दोन रंगांची असू शकते.

म्हणून मी मायक्रोस्कोपखाली पोटाच्या दुसऱ्या खंडाची बाजूची कड बघते, तिथे बारीक केसांची एक दाट पट्टी असते, तिला फेल्ट लाइन म्हणतात, मग जबड्याचे दात, छातीचा आकार, मादीच्या शेवटच्या खंडावरच्या रेघोट्या, आणि नराचं जननेंद्रिय. कवच इतकं टणक असतं की पिन टोचताना पिनच वाकते. फोटोच काढणार असाल तर वरून, बाजूने आणि समोरून चेहऱ्याचा असे तीन तरी काढा, फक्त वरून काढलेल्या फोटोवर मी सहसा प्रजातीपर्यंतच (जीनस, म्हणजे जातीच्या वरचा गट) थांबते, जातीचं नाव लिहीत नाही. आणि हाताने उचलू नका प्लीज, डबी वापरा. डबीत शिरताना ती पोटाचे खंड घासून बारीक ची ची करते, तो आवाज एकदा ऐकलात की विसरणार नाही.

नकाशासाठी म्युझियममधल्या नमुन्यांची लेबलं, जीबीआयएफ (जगभरातल्या जीवनोंदींचा खुला संग्रह), आयनॅचरलिस्ट (लोक फोटो टाकून नोंदी करतात ती वेबसाइट) हे सगळं वापरा, पण नर आणि मादीचे ठिपके वेगळ्या खुणेने दाखवा. नर मॅलेझ ट्रॅपमध्ये (उडणारे कीटक अडकवणारा तंबूसारखा जाळीचा सापळा) सापडतात, वाळवंटातल्या बऱ्याच जातींचे नर रात्री दिव्यावर येतात, आणि मादी मात्र उघड्या वाळूमातीवर चालत शोधावी लागते, त्यामुळे नुसते नरांचे ठिपके म्हणजे अनेकदा दिवा किंवा ट्रॅप कुठे लावला होता त्याचाच नकाशा. म्हणून जिथे शोधलं आणि मिळाली नाही ती ठिकाणं, तारखा आणि किती तास शोधलं तेही लिहून ठेवा, याची किंमत सापडलेल्या नोंदीइतकीच आहे. जुन्या लेबलवर फक्त जिल्ह्याचं नाव असेल तर मध्यभागी अचूक ठिपका ठोकू नका, किती किलोमीटर इकडेतिकडे असू शकतं तेही नोंदवा.

अजून एक, या माद्या बहुतेक करून जमिनीत घरटी करणाऱ्या मधमाश्या आणि गांधीलमाश्यांच्या वाढ पूर्ण झालेल्या अळ्यांवर किंवा कोषांवर अंडी घालतात, त्यामुळे उघड्या जमिनीत मधमाश्यांची बिळं दिसली की मी तिथे बसून राहते. बिळात डोकं घालून परत बाहेर येणारी मादी दिसली तर ती कुठल्या माशीचं बीळ तपासत होती तेही लिहा, आपल्या बऱ्याच नोंदींत नेमका तोच रकाना रिकामा असतो.