स्लो कुकरमधली मॅकरोनी चीज: सकाळी लावून वेचणीला जाऊ नका

ताई, तुमचं सगळं वाचलं. भावाने अमेरिकेहून स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्तास शिजवणारं विजेचं भांडं आणलं, सोबत आपल्या विजेचं व्होल्टेज कमी करून देणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरही दिला. तुम्ही सकाळी मॅकरोनी, दूध, किसलेलं चीज एकदमच टाकून बटण 'लो'वर केलं आणि कापूस वेचायला गेल्या. संध्याकाळी येऊन पाहता तर वर तेलाचा तवंग, मधे लगदा, कडेला करपलेलं. पोट्ट्यांनी तोंडही लावलं नाही. आता विचारता, चीज खराब होतं की कुकर?

दोन्ही चांगले आहेत. वेळेचा हिशोब चुकला. मॅकरोनीला या कुकरमध्ये दीड, फार तर दोन तास पुरतात; तुम्ही तिला आठ-नऊ तास ठेवलं.

हे यंत्र मुळात दुधासाठी नाहीच. इर्विंग नॅक्सन नावाच्या अमेरिकन ज्यू माणसाला १९४० साली त्याचं पेटंट मिळालं. ज्यू लोकांत शनिवारी विस्तव पेटवत नाहीत, म्हणून शुक्रवारी सांजेलाच कडधान्य-मांसाचं भांडं मंद भट्टीत ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी खायचं, अशी जुनी रीत. तेच काम विजेवर व्हावं ही त्याची कल्पना. पुढे १९७१ मध्ये रायव्हल कंपनीने ते 'क्रॉक-पॉट' नावाने विकायला काढलं आणि नोकरीवर जाणाऱ्या बायांनी ते उचलून धरलं. म्हणजे सकाळी लावून संध्याकाळी खायचं ते कडधान्य आणि मटण. दूध-चीज त्यात बसत नाही.

आणि 'लो' म्हणजे कमी तापमान असा बऱ्याच जणींचा समज असतो. तसं नाही. साध्या स्लो कुकरमध्ये 'लो' आणि 'हाय' दोन्ही शेवटी उकळीच्या जवळपासच पोचतात, फक्त 'लो'ला पोचायला वेळ जास्त लागतो. म्हणून तुमची मॅकरोनी दुपारपर्यंतच शिजून, फुगून, फुटून गेली असणार. चकोल्या (वरणफळं) वरणात जास्त वेळ राहिल्या की वरण पिऊन कशा फुगतात, तसंच हे.

तेल सुटलं ते चीजमुळे. चीज म्हणजे दुधातलं प्रथिन आणि त्याने धरून ठेवलेली चरबी. फार वेळ तापलं की प्रथिन आकसतं, गुठळ्या होतात आणि चरबी बाहेर येते. अमेरिकन कृतीतलं जुनं, मुरलेलं चेडर चीज तर लवकर फुटतं. आपल्या तालुक्याच्या गावात मिळतं ते अमूलचं प्रोसेस्ड चीज, आणि इथे तेच जास्त कामाचं, कारण त्यात प्रथिन आणि चरबी एकत्र ठेवणारे क्षार घातलेले असतात. नाक मुरडणारे मुरडोत. पण त्यालाही आठ तास झेपत नाहीत. पिझ्झ्याचं मोझरेला एकटं घालू नका, नुसते धागे निघतात. पनीर तर वितळतच नाही.

आता दूध. तिकडच्या कृतीत 'इव्हॅपोरेटेड मिल्क' लिहिलेलं असतं. ते म्हणजे साखर न घालता साधारण ६० टक्के पाणी उडवलेलं डब्यातलं दूध. आपल्याकडे दुकानदार त्याऐवजी कंडेन्स्ड मिल्क देतो, ते गोड असतं, घेऊ नका. तुमच्या घरी म्हैस आहे म्हणता, मग चिंताच नाही. एक लिटर दूध गंजात (पातेल्यात) आटवून पाऊण लिटर करा. गाईचं असेल तर आणखी थोडं आटवा. आटवण्याचा दुसरा फायदा असा की आदल्या सांजेचं दूध आंबटपणाकडे झुकलं असेल तर ते गॅसवरच नासेल, अडीचशे ग्रॅम मॅकरोनी आणि महागाचं चीज वाया जाणार नाही.

मॅकरोनीचं पाकीट घेताना मागे ड्युरम गहू लिहिलंय का ते बघा. ड्युरम म्हणजे आपल्याकडचा बन्सी गहू, दाणा कडक. त्याची मॅकरोनी आकार धरून राहते. साध्या रव्याची स्वस्त मिळते, तीही चालेल, पण तिला तासाभरातच हात लावून बघायचं.

चार-पाच जणांसाठी माप असं: मॅकरोनी पाव किलो, आटवलेलं दूध पाऊण लिटर, चीज २०० ग्रॅम (क्यूबचा आठचा डबा बरोबर तेवढाच असतो), लोणी मोठा चमचाभर, कॉर्नफ्लॉवर एक चमचा, मिरेपूड, असली तर चिमूटभर मोहरीची पूड. मीठ आधी टाकूच नका, चीजमध्ये भरपूर असतं. शेवटी चाखून घाला.

कुकरचं चिनी मातीचं भांडं आधी गरम पाण्याने विसळा. थंड भांड्यात उकळतं दूध ओतलं तर तडा जातो. आतून लोणी लावा. कॉर्नफ्लॉवर थोड्या गार दुधात कालवून गरम दुधात मिसळा. पीठ असलं की दूध सहजी फाटत नाही. कच्ची मॅकरोनी टाका, वरून हे गरम दूध, सगळी मॅकरोनी बुडली पाहिजे. 'लो'वर लावा. अर्ध्या-पाऊण तासाने एकदा तळापासून हलवा, नाहीतर खाली गोळा होतो. तासाभराने एक उचलून दाताखाली धरा. मधे किंचित कणी लागत असेल तेव्हाच किसलेलं चीज दोन-तीनदा करून मिसळा, झाकण ठेवा, दहा-पंधरा मिनिटांत बंद करा. बंद केल्यावरही भांडं तापलेलंच राहतं, ती कणी तेवढ्यात जाते. घट्ट वाटलं तर गरम दूध घाला, गार नको.

झाकणावरची वाफ पाणी होऊन आत टपकते आणि चीज पातळ होतं. त्यासाठी झाकणाखाली एक स्वच्छ पंचा ताणून ठेवा, मात्र त्याची टोकं वर झाकणावर बांधा, तापलेल्या पत्र्याला लागू देऊ नका.

कुकर मोठा असेल, अमेरिकेहून येणारे बरेचसे पावणेसहा लिटरच्या आसपासचे असतात, तर एवढं माप तळाशी पातळ थरात पसरतं आणि कडा करपतात. तुमच्याकडे करपलं त्याला हेही कारण असणार. एक तर माप दुप्पट करा, नाहीतर स्टीलच्या डब्यात सगळं मिश्रण घालून तो डबा कुकरमध्ये ठेवा, भोवती गरम पाणी. वेळ थोडा जास्त जातो, पण करपत नाही. मी घरच्यासाठी असंच करते.

टोमॅटो, लिंबू, दही यातलं काहीही कुकरमध्ये नको. पोट्ट्यांना झणझणीत लागत असेल तर कांदा-मिरची वेगळी परतून वाढताना वरून घाला, नाहीतर ठेचा बाजूला द्या. वरून सांभार, म्हणजे कोथिंबीर, चालतो. हळद घालणाऱ्या बाया पाहिल्या आहेत मी. रंग येतो, चव जाते.

आता लाईनचं, म्हणजे विजेचं, आपल्या गावात हेच मोठं आहे. तिकडचा कुकर १२० व्होल्टचा. चुकून थेट आपल्या २३० च्या प्लगमध्ये लावला तर तो साडेतीन पटीहून जास्त वीज ओढेल आणि जळेल. घरात दुसरं कोणी हाताळत असेल तर पिनेला चिठ्ठी बांधून ठेवा. ट्रान्सफॉर्मर कुकरच्या वॅटच्या दुप्पट तरी असावा. आणि व्होल्टेज पडलं की ट्रान्सफॉर्मरमधूनही कमीच बाहेर येतं: २३० ऐवजी १८० आले तर उष्णता ६० टक्क्यांवर येते. म्हणून कृतीतल्या मिनिटांवर जाऊ नका, दाताने बघा. व्होल्टेज फारच पडत असेल त्या दिवशी 'हाय'वर करा.

लाईन गेली आणि तुम्ही घरी असाल तर सरळ गंजात काढून गॅसवर पूर्ण करा, काही बिघडत नाही. पण तुम्ही वावरात असताना गेली, किती वेळ गेली होती ते कळायला मार्ग नाही, आणि मधे पुन्हा आली, तर ते दुधाचं अन्न कोमट राहून बिघडलेलं असू शकतं. वास चांगला येत असला तरी खाऊ नका. ६० अंशांच्या खाली दुधाचं शिजलेलं दोन तासांहून जास्त ठेवायचं नाही. आपल्या उन्हाळ्यात तर एक तासही पुष्कळ. टायमर लावून सकाळी गार दूध ठेवायचं आणि दुपारी आपोआप सुरू करायचं, हेही याच कारणाने नको.

खरं सांगू का, चार माणसांची मॅकरोनी गॅसवर वीस मिनिटांत होते. स्लो कुकर काढावा तो पंधरा-वीस पाहुणे असताना, वाढेपर्यंत गरम ठेवायला.

वेचणीच्या दिवशी मात्र हा कुकर तुम्हाला खूप उपयोगी पडेल, दूध सोडून. रात्री भिजवलेली बरबटी (चवळी), वाटाणा, हरभरा, नाहीतर मटण, उकळतं पाणी घालून सकाळी 'लो'वर लावा आणि जा. संध्याकाळी नुसती फोडणी द्यायची. राजमा असेल तर तो भिजवून, ते पाणी फेकून, गॅसवर ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळल्याशिवाय कुकरमध्ये टाकू नका. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, मंद आचेवर ते नीट मरत नाही आणि पोट बिघडतं.

कुकरच्या बुडाशी पट्टीवर वॅट किती लिहिले आहेत आणि ट्रान्सफॉर्मरवर किती, ते दोन्ही कळवा, म्हणजे तो पुरतो की नाही ते सांगते. बटण फिरवायचं आहे की दाबायचं, तेही लिहा. दाबायच्या बटणांचे बरेच कुकर लाईन परत आल्यावर आपोआप सुरू होत नाहीत.