वाचकांचे प्रश्न : घरी गुंडाळलेले गिटार पिकअप

प्रश्न : स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) गिटारच्या पद्धतीच्या पिकअपसाठी, म्हणजे तारांखालच्या चुंबक-कॉइलसाठी, सगळीकडे '४२ गेज (तारेच्या जाडीचा नंबर), ७,९०० वेढे' असे वाचले. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून ४२ गेजची तार आणली. पावणेतीन हजार वेढ्यांतच बॉबिन भरले आणि मीटर जेमतेम ८०० ओहम दाखवतो. तार भेसळीची असेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

तार चोख आहे, फक्त गेज दुसरा आहे. तुम्ही वाचलेला ४२ हा अमेरिकन गेज, म्हणजे ०.०६३५ मिमी. आपल्या बाजारात नुसते 'गेज' म्हटले की ब्रिटिश एसडब्ल्यूजी (स्टँडर्ड वायर गेज) धरतात, आणि त्यातला ४२ म्हणजे ०.१०१६ मिमी. तांब्याचे क्षेत्रफळ अडीच पटीहून जास्त झाले. त्यामुळे बॉबिन लवकर भरते आणि तेवढ्याच लांबीचा रेझिस्टन्सही कमी येतो. तुमचे दोन्ही आकडे या हिशेबात चपखल बसतात.

दुकानात गेज सांगूच नका, मिलिमीटर सांगा. ०.०६३ मिमी हे मेट्रिक मापातले प्रमाणित माप आहे. एसडब्ल्यूजीच मिळत असेल तर ४६ नंबर (०.०६१ मिमी) घ्या, तेवढ्याच वेढ्यांत रेझिस्टन्स आठ टक्क्यांच्या आसपास जास्त येईल, आवाजात फारसा फरक पडणार नाही. ४५ नंबर (०.०७१ मिमी) स्ट्रॅटच्या बॉबिनवर पूर्ण मावत नाही. मोटरवाले इतकी बारीक तार सहसा ठेवत नाहीत. रिले किंवा लहान ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल करणाऱ्यांकडे चौकशी करा.

एका कॉइलला साधारण १,१०० मीटर तार लागते आणि तिचे वजन ३० ग्रॅमच्या थोडे वर जाते. १०० ग्रॅमच्या रिळात तीन कॉइल ओढूनताणून बसतात, तेही एकदाही तार तुटली नाही तर. घेताना पॉलियुरेथेन इनॅमलची (तारेवरच्या विद्युतरोधक लेपाची) मागा. ती गरम सोल्डरखाली आपोआप उघडी पडते. मोटरसाठीच्या उष्णतारोधक इनॅमलला बारीक पॉलिश पेपर लावावा लागतो, आणि नवशिक्याच्या निम्म्या तारा तिथेच तुटतात.

प्रश्न : शिलाई मशीनच्या मोटरवर गुंडाळतो. दीड-दोन हजार वेढ्यांनंतर तार हमखास तुटते. (एक वाचक, कराड)

पिकअपची ०.०६३ मिमीची तार ७० ग्रॅमच्या आसपास तुटते. गुंडाळताना ताण २०–२५ ग्रॅमच्या पुढे जाता कामा नये. लहान स्प्रिंग काट्याने एकदा मोजून पाहा. बोटांचा अंदाज बहुतेकदा याच्या दुप्पट निघतो.

ताण बरोबर असूनही तुटत असेल तर आधी रीळ पाहा. रीळ आडवे ठेवून फिरू देत असाल तर चूक तिथेच आहे. मोटरचा वेग बदलला की जड रीळ मागे राहते आणि झटका बसतो. रीळ उभे, स्थिर ठेवा आणि तार वरच्या टोकावरून सुटू द्या. रिळाच्या काठाला खरचटलेली जागा असेल तर पॉलिश पेपर फिरवून त्यावर गुळगुळीत टेप लावा. मग तार नमद्याच्या दोन तुकड्यांमधून, हलक्या चिमटीतून जाऊ द्या.

दुसरी जागा म्हणजे बॉबिन. फायबर किंवा हायलम शीट कापल्यावर आतल्या कडेला जी खरखरीत धार राहते, ती तारेला करवतीसारखीच लागते. कडा घासा. चुंबकाच्या दांड्यांना लाखेच्या पॉलिशचे दोन हात द्या आणि वर पातळ टेपचा एक वेढा घ्या. यामुळे तार वाचतेच, शिवाय इनॅमल खरचटून चुंबकाशी शॉर्ट होत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात दांड्यांना येणारा गंजही तारेपर्यंत पोहोचत नाही.

सुरुवातीचे १०० वेढे हाताने फिरवा, मग मिनिटाला ५००–६०० फेऱ्यांवर जा. हजाराच्या आत तुटली तर सोडून नव्याने सुरू करा. पुढे तुटली तर टोके पिळून सोल्डर करा, टेपचा लहानसा तुकडा लावा आणि चालू ठेवा. सांध्याने आवाज बिघडत नाही. वेढे मात्र मोजलेच पाहिजेत. शाफ्टवर छोटे चुंबक, शेजारी रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा स्विच) आणि त्याच्या तारा साध्या कॅल्क्युलेटरच्या 'बरोबर' चिन्हाच्या बटणाला, एवढे पुरते. '१ + १' दाबून सुरू करायचे. वेग फार वाढला की स्वस्त कॅल्क्युलेटर फेऱ्या गाळतो, एवढे लक्षात ठेवा.

प्रश्न : जॅझ बेससाठी दोन पिकअप केले. दोन्हींचा आवाज पूर्ण ठेवला तरी गुणगुण जात नाही. एकाच्या जोडणीच्या तारा उलट्या केल्या तर गुणगुण गेली, पण आवाज पोकळ झाला. (एक वाचिका, नाशिक)

तुम्ही अर्धे काम केले आहे. गुणगुण वीजवाहिन्या आणि ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून थेट कॉइलमध्ये येते. तिची दिशा फक्त कॉइलच्या दिशेवर ठरते. वाद्याच्या तारेचा सूर कॉइल आणि चुंबक दोन्हींवर ठरतो. नुसती कॉइल उलटली की गुणगुण आणि सूर दोन्ही उलटतात. गुणगुण परस्पर रद्द होते, आणि त्याबरोबर सुरातला खर्जही जातो. कॉइल आणि चुंबक दोन्ही उलटले तर सूर पुन्हा सरळ होतो, गुणगुण रद्दच राहते.

म्हणून तारा आत्ता आहेत तशा उलट्याच ठेवा आणि त्याच पिकअपचे चुंबक उलटा. दांड्या ठोकून काढू नका, आतला पहिला थर फाटेल. व्हाइसच्या दोन जबड्यांना दोन मोठे निओडिमियम चुंबक एकमेकांना खेचतील असे लावा. मधल्या फटीतून पिकअप योग्य दिशेने सावकाश ओढला की अल्निकोच्या (चुंबकाच्या मिश्रधातूच्या) दांड्या नव्या दिशेने भारल्या जातात. आधी आणि नंतर होकायंत्र धरून खात्री करा. बोटे सांभाळा.

एक कुरबुर उरू शकते. तारा उलट्या केल्यामुळे कॉइलचे आतले टोक आता 'गरम' (सिग्नलच्या) बाजूला आले आहे. दांड्यांना बोट लागताच गुरगुर झाली तर त्यांच्यावरचे पॉलिश कुठेतरी उघडे पडले आहे. पुढच्या वेळी तो पिकअप उलट्या दिशेनेच गुंडाळा, म्हणजे आतले टोक अर्थलाच राहील.

प्रश्न : जानेवारीत ६.० किलोओहम मोजलेला पिकअप मे महिन्यात ६.४ दाखवतो. तार खराब होते आहे का? (एक वाचक, नागपूर)

नाही, नागपूरचा मे आहे तो. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. १७ अंशांच्या फरकाने ६.० चा ६.४ होतो. मोजताना खोलीचे तापमान लिहून ठेवा, आणि घामट बोटांनी दोन्ही टोके धरू नका.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे या आकड्याला 'दणका' समजू नका. बारीक तार वापरली की तेवढ्याच वेढ्यांत किलोओहम वाढतात, आवाज नाही. खरा फरक वेढ्यांनी पडतो. इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ७,९०० वेढ्यांचा २.४ हेन्रीचा पिकअप आणि केबलसह ६०० पिकोफॅरड कपॅसिटन्स धरला, तर त्याचे शिखर (जिथे आवाज सर्वांत ठळक होतो ती वारंवारता) ४,२०० हर्ट्झच्या आसपास येते. ९,५०० वेढे घेतले की ते ३,५०० वर उतरते. आवाज वाढतो, पण स्ट्रॅटची ती काचेसारखी धार जाते. धार हवी असेल तर आठ हजारांच्या आत थांबा.

प्रश्न : कॉइल गच्च बसावी म्हणून मेण घालताना हंबकरचे (दोन कॉइलच्या पिकअपचे) प्लॅस्टिक बॉबिन वाकले. (एक वाचक, मडगाव)

मेण फार तापले. चार भाग पॅराफिन, एक भाग मधमाश्यांचे मेण, आणि ६०–६५ अंश. पातेल्यात पाणी, त्यात मेणाचे भांडे, शेगडी विजेची. उघड्या ज्योतीवर मेण कधीच नको. थर्मामीटर मेणातच हवा. बुडबुडे थांबेपर्यंत, म्हणजे १५–२० मिनिटे ठेवा आणि मेण पातळ असतानाच काढून पुसा. बॉबिन भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका, दोऱ्याने टांगा. तळाशी भांडे मेणापेक्षा जास्त तापलेले असते, आणि बॉबिन बहुतेकदा तिथेच वाकते.